तिजोरीतला नारळ

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही चौथीचे शेवटचे दोन महिने मी गेलेच नाही. ही वही मुलीची आहे. पुढच्या पानांवर तिचा अभ्यास आहे, मागची कोरी होती. लिहून झालं की वही तिजोरीत ठेवते, त्यामुळे माफी कुणाची मागते आहे तेही मला नीट ठाऊक नाही. पण न मागता सुरू करायला हात धजत नाही.

तिजोरी म्हटलं की लोकांना सोनं दिसतं. आमच्या तिजोरीत कागद आहेत आणि थोडे फोटो.

आमचं गाव गेवराईहून चकलांब्याला जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. कापसाचा भाग. कापूस वेचून झाला की घरात रचायचा आणि भाव वाढायची वाट बघायची, ही इथली रीत. माणसाला बसायला जागा राहिली नाही तरी चालतं. आग लागली त्या साली पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती. कागदांची पेटी कुठे ठेवायची म्हणून ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती त्याच खोलीत भिंतीला लावली आणि वर कापूस टाकला.

मी म्हटलं, "अन् मधीच कागद लागले तर?"

"लागले तर लागले. कापूस इकल्यावर काढू. लोखंडाची पेटी हाय, तिला काय उंदीर खातेत व्हय?"

कापसाची आग लाकडासारखी भडकत नाही, ती आतल्या आत धुमसते. विजेच्या बोर्डातून ठिणगी पडली असावी. सकाळी मी अंगण झाडत होते आणि दाराच्या फटीतून बारीक धूर येत होता. मला वाटलं सासूबाईंनी धूप घातलाय. मी झाडत राहिले. अजूनही मला ते आठवतं की धूर दिसल्यावर मी अर्धं अंगण झाडलं.

मग सगळे धावले. माणसांनी कापूस ओढून रस्त्यावर टाकला. त्या दिवशी प्यायच्या पाण्याचा टँकर आठवड्याने आला होता, तो सगळा कापसावर गेला. बाया रिकामे हंडे काखेत धरून बघत उभ्या राहिल्या. कुणाला इजा झाली नाही, घरही उभं राहिलं.

पेटीचा नुसता निळा रंग उडाला होता. मला हायसं वाटलं. झाकण उघडलं तर आतले कागद शेंगांच्या भाजलेल्या टरफलांसारखे झालेले, हात लावला की मोडत होते. फोटोंची एक काळी वडी झाली होती. जाळ आत गेलाच नव्हता, नुसत्या धगीने हे केलं होतं.

महिनाभर ह्यांनी तहसीलला खेटे घातले. सातबारा निघाला, रेशन कार्ड दुबार मिळालं, आधार तर बोट लावलं की आलं. मुलीच्या शाळेने दाखला दुसरा दिला. एक दिवस घरी येऊन टोपी खुंटीला लावत म्हणाले, "झालं. सगळं आलं माघारी."

सगळं आलं नव्हतं. मी चौथीत असताना माझी आई गेली, आणि तिचा एकच फोटो होता. कुणाच्या तरी लग्नात काढलेला. तिच्या कडेवर माझा धाकटा भाऊ, आणि मी तिच्या पदराचं टोक धरून उभी. आता मला ते टोक आठवतं, त्यावरचे ठिपके आठवतात, आईचं नाक आठवत नाही. भाऊ तेव्हा वर्षाचा होता, त्याला विचारून काय उपयोग. कागद सरकारकडे दुसरे असतात. फोटो सरकारकडे नसतात.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. जेवता जेवता उठून बोर्डाची बटणं बघायचे. शेतात खुरपं चालवताना जळकं नाकात यायचं, आणि कुणी म्हणायचं, अगं कुणीतरी बांध पेटवलाय, तरी मी घराकडे चालू लागायचे. घरात जे थोडे फोटो उरले होते, म्हणजे पाहुण्यांकडून मागून आणलेले, मुलीचे शाळेतले, ते मी आधी धान्याच्या कोठीत ठेवले, मग देवळीत, मग पुन्हा कोठीत. सासूबाई म्हणाल्या, "मांजरीनं पिल्लं हलवावी तशी हालवायलीस."

तिजोरी गेवराईला हायवेच्या कडेला भंगारवाल्याकडे दिसली. कुठलं तरी बंद पडलेलं, कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं, त्याच्या ऑफिसातली. कमरेइतकी उंच, हिरवा रंग, आणि दार असं जाड की विटेची भिंतच बिजागरीवर बसवल्यासारखी.

भंगारवाला म्हणाला, "ही आगीची तिजोरी हाय, वहिनी. दोन पत्र्यांच्या मधी सिमिटावाणी माल भरलेला असतो. भाईर किती बी जाळ असू द्या, आत कागद गार."

हे म्हणाले, "आन् आमी ठिवायचं काय हिच्यात? वांगी?"

मी चारचौघांत बोलत नाही. लग्नापासून आमचं ठरलेलं आहे, मी मागून सदरा एकदा ओढला तर घरी चला, दोनदा ओढला तर घ्या. मी दोनदा ओढला. ह्यांनी वळून बघितलं, त्यांना वाटलं चुकून ओढला. मी पुन्हा दोनदा ओढला.

साडेसात हजारांवर सौदा झाला. माझ्या दोन शेळ्या विकून साडेचार आले. ह्यांच्याकडे मागायचं मला जमेना. कापसात आधीच इतकं गेलं होतं, आणि त्यांच्या मते तिजोरी म्हणजे माझं वेड होतं. तीन हजार अक्काने दिले.

अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. दर साली दिवाळी झाली की ती आणि तिचा लेक ऊस तोडायला कारखान्याकडे जातात आणि चैत्रात माघारी येतात. नवरा जाऊन तिला सहा वर्षं झाली होती. मुकादम कामाच्या आधी उचल देतो, ती नुकतीच हातात आली होती. त्यातले तीन हजार तिने न मोजता माझ्या ओटीत टाकले.

"सवडीनं दे. पन माजी पिशवी तुज्या तिजोरीत ऱ्हायली पायजे. सहा महिने घराला कुलूप, कुलपाचा काय भरवसा? मागल्या साली उंदरानं पासबुकावरचं नाव खाल्लं. नुसती बाकी ठिवली."

"मग बरंच झालं की."

"काय बरं? बाकी व्हतीच किती!"

तिजोरी टेम्पोतून आली. सहा जणांनी खाली पाइप घालून ढकलत ती आत नेली, तरी उंबऱ्याजवळची शहाबादी फुटली. अर्धं गाव दारात. ह्यांचा एक दोस्त म्हणाला, "काय बे, कापूस जळाला म्हून रडत व्हतास अन् आता तिजोरी? पंचनाम्यात कितीला लावलंस?"

"सासऱ्यानं धाडली," हे म्हणाले. "वीस वर्षं उशिरा आंदण आलं."

सगळे हसले. मी आत चुलीशी बसून होते. पण त्या हसण्यातून एक नवीनच भीती माझ्या अंगात शिरली. आजपर्यंत आगीची होती, आता माणसांची. आमच्या घरात काहीतरी आहे असं गावाला वाटणार. किल्ली मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. पोत आणि किल्ली एकमेकींवर वाजायच्या, म्हणून किल्लीला चिंधी गुंडाळली. कापूस वेचताना दर सरी-दोन सऱ्यांनी हात गळ्याकडे जायचा. एकदा गेवराईच्या बसमध्ये बसले आणि अर्ध्या वाटेत वाटलं, दाराची मूठ फिरवली पण किल्ली फिरवली का? उतरले. चालत घरी आले. फिरवली होती.

अक्काने पिशवी धनत्रयोदशीला आणली. "लक्ष्मीपूजनाला माज्या बी कागदाला हळदकुकू लाव," म्हणाली. कापडी पिशवी, आत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, त्याच्या आधारची झेरॉक्स, रेशन कार्ड, पासबुक, लेकाची टी.सी. आणि प्लास्टिकच्या पाकिटात एक फोटो. तो तिने काढून मला दाखवला, तसा पूर्वीही एक-दोनदा दाखवला होता. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला डोंगर, पुढे फोटोवाल्याची मोटारसायकल. तिच्यावर तिचा नवरा बसलेला, पायात मागून आणलेले बूट, तोंड बाजूला, कुणीतरी हाक मारल्यासारखं. अक्का मागे उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर.

"हात ठिव म्हणला फोटूवाला," ती म्हणाली. "मी मरणाची लाजले. अन् हे गडी ऐन टायमाला तिकडं बगायलं. जिलबीवाल्याकडं."

"चांगला आलाय."

"आधारवर हाय की एक फोटू, पन त्यो काय माणसाचा फोटू असतो? धरून आणल्यावाणी. ह्योच एक हाय बाई माज्याकडं."

मी तो पाकिटासकट पिशवीत घातला आणि पिशवी वरच्या कप्प्यात ठेवली.

लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी सांगितलं तसं सगळं केलं. दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आत पाण्याचा नारळ, पाच विड्याची पानं धुऊन, त्यावर सुपारी, ओल्या कुंकवाचे तांदूळ. कागदांना कसर लागू नये म्हणून मी माझ्या मनाने कडुनिंबाचे डहाळेही घातले. झाड रस्त्याकडेचं, पानांवर धूळ, म्हणून तेही स्वच्छ धुऊन. सासूबाई म्हणाल्या, "आता संक्रातीपतुर ह्याला हात लावायचा न्हाई. बसलेली लक्ष्मी उठवू नये." मी दार लावलं. ते इतकं घट्ट बसलं की आतला वारासुद्धा बाहेर येणार नाही. मला त्याचाच आनंद झाला.

भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी अक्का आणि तिचा लेक ट्रकमध्ये बसून गेले.

आमच्याकडे हंड्याने पाणी मोजतात. भिंतीला ओल येते हे मी टीव्हीवरच्या रंगाच्या जाहिरातीत बघितलेलं. आग, उंदीर, चोर, वाळवी, सगळ्यांची भीती मला होती. पाण्याची भीती बाळगायची असते हे आमच्याकडे कुणाला सुचणार? अडीच महिने मी दिवसातून दहादा दाराची मूठ ओढून बघितली, पण रीत मोडायची नाही म्हणून दार एकदाही उघडलं नाही.

संक्रांतीला वाण द्यायच्या आधी उघडलं. आधी वास आला, आंबलेला, बंद आडासारखा. नारळ तडकला होता आणि त्याचं पाणी कप्प्यात उतरलं होतं. विड्याच्या पानांचा काळा चिखल झाला होता. कडुनिंबाला पांढरी लव आली होती आणि तीच लव कागदांवर, पिशवीवर, दाराच्या आतल्या कडांवर. आतल्या पत्र्यावर घाम आल्यासारखे थेंब होते. भंगारवाल्याने खरंच सांगितलं होतं, आत कागद गार होते. ओलेगार.

मी एक एक काढून अंगणात बाजेवर पसरलं, वर खडे ठेवले. कागद वाळतील हे दिसत होतं. अक्काचा फोटो मात्र पाकिटाला आतून चिकटला होता. तेव्हा थांबायला पाहिजे होतं. मला कुणी हाका मारत नव्हतं, घरात घाई नव्हती. घाई माझ्या बोटांना होती. मी पाकीट कापलं, वरचं प्लास्टिक चिमटीत धरलं आणि ओढलं. फडक्यावरून पापड सोडवावा तसा आवाज आला. मोटारसायकल कागदावर राहिली, बूट राहिले, डोंगर राहिला, अक्का राहिली, तिचा हातही राहिला. त्याचं तोंड प्लास्टिकवर गेलं. खाली कागद पांढरा, अंगठ्याएवढा.

मी ते तोंड परत कागदावर दाबून बघितलं.

बाकीचे कागद दोन उन्हांत वाळले. कडा पिवळ्या पडल्या, पण सगळं वाचता येत होतं. हे बाजेजवळ येऊन म्हणाले, "काय, वाळवण घातलंस?" मी हो म्हटलं. सासूबाईंना मात्र दाखवलं. त्यांनी तो फोटो उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "देवाच्या मनात व्हतं." देवाच्या मनात काय होतं मला माहीत नाही, ओढला मी होता.

दुसऱ्या आठवड्यात अक्काचा फोन आला. ती लेकाच्या फोनवरून बोलते, ओरडून, पलीकडे ट्रॅक्टर सुरू असतो.

"बरी हाईस का? माजी पिशवी हाय का नीट?"

"हाय," मी म्हटलं.

"लई थंडी हाय इकडं. पाचटाच्या कोपीत सगळं दवानं भिजतंय बग. बरं झालं तुज्याकडं ठिवलं."

आम्ही आणखी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी तांदूळ निवडायला घेतले आणि निवडलेले न निवडलेल्यात मिसळले. चैत्रापर्यंत असे चार फोन आले. चारही वेळा तिने पिशवीचं विचारलं आणि चारही वेळा मी हाय म्हटलं. पहिल्या वेळी शब्द अडकला होता. चौथ्या वेळी तिने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी गेवराईला फोटोवाल्याकडे गेले, एकटी. दुकानात माणसं होती म्हणून समोरच्या रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. दुकान मोकळं झालं की दुसरं कुणी यायचं. शेवटी त्यानेच विचारलं, "मावशी, कवापासून बघायलोय, काय पायजे?"

मी फोटो पुढे केला.

"ह्याला तोंडच न्हाई ओ."

मी प्लास्टिक पुढे केलं. त्याने ते दिव्यापाशी धरलं. "हे पुसट हाय लई. आधार कार्ड हाय का ह्यांचं? त्याच्यावरचं बसवतो."

झेरॉक्स मी अक्काच्या पिशवीतून घेऊन आले होते. न विचारता.

"सूट घालू का अंगात? टाय? मागं डोंगर जुना दिसायलाय, बंगला टाकू?"

"नको. बूट बी तेच राहू द्या," मी म्हटलं. परक्या माणसाशी इतकं मी बहुतेक पहिल्यांदाच बोलले.

चार दिवसांनी फोटो मिळाला. चकचकीत, काचेसारखा. मोटारसायकलवर एक माणूस बसला होता, त्याचं अंग बाजूला आणि तोंड सरळ माझ्याकडे, डोळे ताणलेले. अक्काचा हात त्याच्या खांद्यावर होता. मला त्या हाताचीच लाज वाटली. परक्या पुरुषाच्या खांद्यावर मी तो नेऊन ठेवला होता.

सासूबाई म्हणाल्या, "ह्योच दे अन् गप बस. मोतीबिंदू हाय तिला, काय कळतंय?"

मी ते ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मनात धरलंही. नवा फोटो पिशवीत घातला. काढला. पुन्हा घातला. महिनाभर हेच.

चैत्रात अक्का आली. उन्हाने काळी पडलेली, हातावर उसाच्या पात्याचे चरे. घरी न जाता आधी आमच्याकडे आली आणि गुळाची ढेप माझ्यापुढे ठेवली. "तिकडल्या गुऱ्हाळाचा हाय. चुलीतल्या राखंसारखा काळा दिसतोय, पन खाऊन बग." मी पाणी दिलं, चहा टाकला. दूध उतू गेलं. पिशवी आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि उभीच राहिले.

तिने कागद काढले, कडांवरून बोट फिरवलं. मग फोटो. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ह्यो कोण?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "धुऊन आणलाय त्यो. नवा दिसायलाय म्हून."

अक्काने तिकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी तिजोरी उघडली, जुना फोटो आणि प्लास्टिकचा तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. नारळ, पानं, कडुनिंब. पापडासारखा आवाज आला तेही. "मी ओढला, अक्का. थांबले असते तर निघाला असता."

चहावर साय धरली.

"फोटूचं सोड," शेवटी म्हणाली. "मी चार बारी इचारलं. चार बारी हाय म्हणलीस. कावून?"

मी उतू गेलेलं दूध पुसायला लागले.

तिने प्लास्टिक उचललं, दारात गेली आणि उजेडाकडे धरलं. पुसट, पण तो तोच होता, बाजूला बघणारा. तिने ते उलटं केलं, मग पुन्हा सुलटं. पदराने पुसायला गेली आणि पुसलं नाही. ते आणि जुना फोटो पिशवीत ठेवले. नवा फोटो तिने चहाच्या बशीशेजारी तसाच ठेवला.

"ह्याला ऱ्हाऊ दे तुज्याकडंच. मी वळकत न्हाई."

उंबऱ्यात थांबून म्हणाली, "ऱ्हायलेले पैसे कवा देतीस?"

ती ऊसतोडीला जायच्या आधीच मी हजार दिले होते आणि दोन राहिले होते. तिने आजवर एकदाही विषय काढला नव्हता. त्या दिवशी मला वाटलं, तिने माझ्याशी नातं होतं ते आवरून घेतलं आणि उरलं तेवढं देणं.

ह्यांना सगळं कळलं तेव्हा म्हणाले, "दोन हजारासाठी काय तोंड पाडून बसलीस? आत्ता देतो." मी नको म्हटलं. शेजारपाजारच्या वाकळा शिवायला घेतल्या, एका वाकळेचे शंभर-दीडशे मिळत. पाचशे जमले की मी भिंतीपलीकडे जायचे. ती दारातच घ्यायची, "बरं" म्हणायची. आत ये म्हणायची नाही. पूर्वी तिच्या घरात मी उठता-बसता जायचे, आता पाचशे जमायची वाट बघायचे. म्हणून मी वाकळा लवकर शिवायचे, आणि शिवता शिवता वाटायचं, पैसे फिटले की मग कशाच्या निमित्ताने जाशील?

तिजोरीचं आता मला थोडं कळतं. दर आठ दिवसांनी दार उघडून तासभर ठेवते, पावसाळी दिवस सोडून. बुटांच्या खोक्यात खड्यांच्या बारक्या पुड्या येतात, ओल ओढणाऱ्या, मुलगी त्या जमवून आणते. दर दोन फोटोंच्या मध्ये मी कोरा कागद घालते, प्लास्टिक नाही. मुलीने सगळे मोबाइलमध्येही काढून ठेवलेत. ती म्हणते, आता काहीही झालं तरी जायचे नाहीत. मी हो म्हणते आणि उठून मूठ ओढून बघते. उघडी ठेवली की आगीची भीती, बंद ठेवली की ओलीची. तो नवा फोटो खालच्या कप्प्यात आहे. फेकायला धीर होत नाही, वर ठेवायलाही नाही. दिसला की मी त्याला पालथा करते.

दिवाळी आली. सासूबाई नारळ घेऊन उभ्या राहिल्या. मी पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं. नारळ तिजोरीच्या वर ठेवला, आत नाही, आणि पूजा झाल्यावर फोडून खोबरं वाटलं. "लक्ष्मी भाईरच बसवलीस," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "उकडतंय तिला आत." त्या हसल्या नाहीत.

पुन्हा भाऊबीज झाली. गल्लीच्या तोंडाशी ट्रक लागला, भांडी, वाकळा, शेळ्या चढायला लागल्या. शेवटचे पाचशे माझ्याकडे चार दिवसांपासून जमलेले होते. मी गेले नव्हते. पिशवीचं काय करणार हे तिला विचारायचं होतं आणि विचारायचं तोंड नव्हतं. उसाच्या पाचटाची कोपी, शेजारी चूल. त्यात ती पिशवी खुंटीला लटकताना मला दिसत होती. मी दोनदा दारापर्यंत जाऊन माघारी आले.

अक्काच आली. काखेत पिशवी. आत आली, तिजोरीसमोर उभी राहिली.

"उघड."

मी गळ्यातली किल्ली काढली. चिंधी सोडताना गाठ सुटेना. तिने वाकून आत बघितलं, नाक लावून वास घेतला, कप्प्यातून हात फिरवून बोटं बघितली. मग पिशवी माझ्या हातात दिली.

"कागद हायेत. ह्या बारीला नारळ ठिवू नको म्हंजे झालं."

मी पिशवीत बघितलं. फोटो नव्हता.

"त्यो माज्याजवळ," ती म्हणाली, आणि कमरेच्या बटव्यावर हात ठेवला. "जळला तर माज्या हातानं जळंल."

मी पिशवी वरच्या कप्प्यात ठेवली. पाचशे रुपये काढून तिला दिले. शंभराच्या पाच नोटा, सगळ्या वाकळांच्या. तिने बोट जिभेला लावून मोजल्या, एक नोट कोपऱ्यात फाटली होती ती परत दिली. मी डब्यातून दुसरी आणून दिली. ती तिने उजेडाकडे धरून बघितली आणि पाचही घडी करून बटव्यात घातल्या, फोटो होता त्याच कप्प्यात.

"फिटले बग," म्हणाली, आणि ट्रककडे गेली.